प्रकाशोपचार आणि केमोथेरपी : एका देणगीच्या निमित्ताने

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवाल वर्षाचा ताळेबंद व जमाखर्च आपणांपुढे यापूर्वीच सादर झाला आहे. आता मी ज्या विषयावर बोलणार आहे तो वैद्यकशास्त्रातील आहे आणि मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. डॉक्टर मंडळी समोर बसलेली असताना मी या विषयावर बोलावे हे थोडे धारिष्ट्याचेच आहे. तथापि हे भाषण एका देणगीच्या अटीतून निर्माण झालेले असल्याने ते करणे मला भाग आहे. मजकूर आमच्या कर्करोग विभागाच्या डॉक्टरांनी तपासून दिला आहे. त्यातील मते मात्र माझी आहेत.

गेल्या पावसाळ्यात सांगलीतील एक गृहस्थ माझ्या कार्यालयात आले. त्यांचे नाव त्यांच्या इच्छेनुसार मी घेत नाही. व्यवसायाने ते हळदीचे अडते. त्यांच्या वडिलांना पित्तनलिकेचा कर्करोग झाला होता. कावीळ हटेना म्हणून तपासण्या केल्या, तोवर शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. नलिकेत स्टेंट बसवून पित्ताला वाट करून दिली आणि थोड्याच महिन्यांत वडील गेले. पुढे परदेशी असलेल्या मुलाने एक शोधनिबंध वाचून आजोबांना हा उपचार मिळाला असता तर, असे वडिलांना कळविले. ते कागद घेऊनच हे गृहस्थ आले होते. "साहेब, लेझरचे यंत्र मी देतो. वडिलांच्या नावाची पाटी लावा. मिरजेच्या रुग्णाला मुंबईला जावे लागू नये," एवढेच त्यांचे म्हणणे होते.

अशी देणगी नाकारावयाची म्हणजे प्रशासकाला धाडसच करावे लागते. त्यापूर्वी हा उपचार आहे तरी काय, हे मी समजून घ्यावयाचे ठरविले.

या उपचारास फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. त्याचा आरंभ म्युनिक येथे झाला. इ. स. १९०० मध्ये ऑस्कर राब नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी प्राध्यापक फॉन टॅपायनर यांच्या हाताखाली ॲक्रिडीन या रंगद्रव्याचा सूक्ष्म जीवांवर होणारा परिणाम पाहत होता. तेच रंगद्रव्य आणि तेच जीव असूनही कधी ते लगेच मरत, तर कधी बराच काळ जगत. तपासाअंती दिसून आले की, फरक खोलीतील उजेडाचा होता. केवळ रंगद्रव्याने वा केवळ उजेडाने जे घडत नव्हते, ते दोहोंच्या संयोगाने घडत होते. १९०३ साली त्वचेच्या गाठींवर इओसिन हे रंगद्रव्य लावून प्रकाश देण्याचा प्रयोग झाला. १९१२ साली मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टराने हेमॅटोपोर्फिरिन हे द्रव्य स्वतःच्याच शिरेत टोचून घेतले आणि नंतर उन्हात गेल्यावर त्याचा चेहरा व हात भयंकर सुजले. विज्ञानाचा इतिहास अशा माणसांच्या अंगावरून गेलेला आहे. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतील बफेलो येथे थॉमस डॉहर्टी यांनी हा उपचार रुग्णांपर्यंत आणला. फोटोफ्रिन या औषधास १९९३ साली कॅनडात आणि १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

आता याचे कार्य कसे चालते, ते सांगतो. रुग्णाला प्रकाशग्राही औषध शिरेतून दिले जाते. फोटोफ्रिन दिल्यास चाळीस ते पन्नास तास थांबावयाचे. एवढ्या अवधीत ते निरोगी भागातून बरेचसे निघून जाते व गाठीत अधिक राहते. नंतर बारीक काचतंतूतून तांबडा प्रकाश गाठीवर टाकावयाचा. औषध तो प्रकाश शोषते आणि ती ऊर्जा पेशीतील प्राणवायूला देते. असा उत्तेजित प्राणवायू क्षणार्धही टिकत नाही आणि पेशीच्या रुंदीइतकेही अंतर कापत नाही, परंतु जेथे उत्पन्न होतो तेथील सारे जाळून टाकतो. गाठीला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्याही त्यात सापडतात.

औषध, उजेड व प्राणवायू ही तीनही एकाच ठिकाणी, एकाच वेळी असली तरच काम होते. हे या उपचाराचे बळ आहे आणि हीच त्याची मर्यादाही आहे. तांबडा प्रकाश शरीरात फार तर सेंटिमीटरभर शिरतो, बहुधा त्याहूनही कमी. मोठ्या गाठीच्या मध्यभागी प्राणवायू तुटपुंजा असतो, त्यामुळे तेथे परिणाम अर्धवट होतो. आणि जी पेशी गाठ सोडून दूर यकृतात वा फुप्फुसात जाऊन बसली आहे, तिला हा उजेड कधी दिसणारच नाही.

केमोथेरपीचे नेमके उलट आहे. ती रक्ताबरोबर सर्वत्र जाते. कर्करोगाची पेशी आणि केसांच्या मुळाची पेशी असा भेद तिला फारसा करता येत नाही, म्हणून रुग्णाचे केस जातात, तोंड येते, रक्तातील पेशी घटतात. एक उपचार अचूक पण आखूड, दुसरा दूरवर पोहोचणारा पण आंधळा. मग दोहोंची सांगड का घालू नये, हा विचार कोणाही व्यवहारी माणसाला सुचेल आणि तो शास्त्रज्ञांनाही केव्हाच सुचलेला आहे.

या सांगडीमागे शास्त्रीय कारणेही आहेत. दोन्ही उपचार पेशीला वेगवेगळ्या मार्गांनी मारतात. केमोच्या औषधाला न जुमानणारी, आत आलेले औषध बाहेर फेकून देणारी पेशी प्रकाशाच्या माऱ्याला मात्र बळी पडू शकते. प्रकाशाची मात्रा सौम्य ठेवली तर गाठीतील रक्तवाहिन्या झिरपू लागतात व मागाहून दिलेले औषध गाठीत अधिक उतरते. मात्रा जास्त झाली तर त्याच वाहिन्या बंद पडतात आणि औषधाची वाटच खुंटते. म्हणजे आधी काय, मागाहून काय आणि किती अंतराने, यावर सारे अवलंबून आहे. सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन, जेमसिटाबिन अशा औषधांबरोबर प्रयोगशाळेत यावर पुष्कळ काम झाले आहे. प्रयोगशाळेतील उंदीर आणि जत तालुक्यातील शेतकरी यांत मात्र बरेच अंतर आहे.

या सांगडीचा एक प्रकार मला विशेष उमगला, कारण तो सांगलीच्या माणसाला लगेच उमगावा असा आहे. हरिपूरची हळदीची पेवे आपणांस ठाऊक आहेतच. जमिनीखाली हळद साठवून तोंड बंद केले की माल आत असतो खरा, पण पेव फोडल्याशिवाय तो बाजारात येत नाही. काही औषधांचे पेशीत असेच होते. ब्लिओमायसिन हे औषध पेशीच्या आत शिरते, पण एका लहानशा पिशवीत अडकून पडते. जेथे त्याने काम करावयाचे त्या केंद्रकापर्यंत ते पुरेसे पोहोचतच नाही. ऑस्लो येथील क्रिस्तियान बर्ग यांच्या गटाने १९९९ च्या सुमारास असे सुचविले की, त्या पिशवीच्या भिंतीत जाऊन बसणारे प्रकाशग्राही औषध आधी द्यावे व मग प्रकाश टाकावा. पिशवी फुटते आणि अडकलेले औषध मोकळे होते. येथे प्रकाशाने स्वतः पेशी मारण्याची गरज नाही, त्याने केवळ पेव फोडावयाचे. लंडन येथे ब्लिओमायसिनसह हा उपचार प्रथमच माणसांवर झाला. सुमारे वीस रुग्णांवरील ते निष्कर्ष २०१६ साली 'लँसेट ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. उपचार सोसण्यासारखा आहे आणि काही गाठी विरघळल्या, असे त्यातून दिसले.

त्यानंतर याच पद्धतीने जेमसिटाबिन हे औषध पित्तनलिकेच्या कर्करोगात वापरण्याची मोठी चाचणी २०१९ मध्ये सुरू झाली. आमच्या देणगीदारांच्या वडिलांचा आजार तोच. ती चाचणी २०२२ मध्ये अर्ध्यावरच थांबविण्यात आली. त्यामुळे ही पद्धत उपयोगी की निरुपयोगी, हे त्या आजारापुरते अनिर्णितच राहिले. मी हे देणगीदारांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता त्यांनी आणलेल्या शोधनिबंधाविषयी. तो २००३ सालचा होता. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या पित्तनलिकेच्या कर्करोगाचे ३९ रुग्ण. ज्यांना स्टेंटबरोबर प्रकाशोपचार दिला त्यांचे मध्यम आयुर्मान ४९३ दिवस, ज्यांना केवळ स्टेंट बसविला त्यांचे ९८ दिवस. फरक इतका मोठा होता की चाचणी लवकर थांबवावी लागली. हे आकडे वाचून ज्याचे वडील तीन-चार महिन्यांत गेले त्या मुलाच्या मनात काय आले असेल, ते मी सांगावयास नको.

परंतु हिशेबाची एकच वही पाहून ताळेबंदावर सही करू नये, हे माझ्या व्यवसायाने मला शिकविले आहे. ब्रिटनमध्ये ९२ रुग्णांवर याच प्रश्नाची पुन्हा चाचणी घेण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. तेथे उलटेच घडले. प्रकाशोपचार घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान ६.२ महिने, तर केवळ स्टेंट घेतलेल्यांचे ९.८ महिने भरले. प्रकाशाने अपाय झाला, असा याचा सरळ अर्थ कोणी काढू नये. त्या चाचणीत प्रकाशोपचाराच्या गटातील तुलनेने कमी रुग्णांना पुढे केमोथेरपी मिळाली होती, आणि संशोधकांनी फरकाचे एक कारण म्हणून याकडेच बोट दाखविले आहे.

सभासदहो, या एका वाक्यापाशी मी थांबलो. कारण मधल्या काळात, २०१० साली, जेमसिटाबिन व सिस्प्लॅटिन ही जोडी या रोगात प्रमाण उपचार ठरली होती. ४१० रुग्णांच्या चाचणीत मध्यम आयुर्मान ८.१ महिन्यांवरून ११.७ महिन्यांवर गेले होते. म्हणजे प्रकाश केमोच्या जागी आला तर रुग्णाचे नुकसान होण्याचा संभव आहे. तो केमोच्या जोडीला आला तर कदाचित लाभ आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ६८ रुग्णांच्या एका पाहणीत दोन्ही उपचार मिळालेल्यांचे मध्यम आयुर्मान ५२० दिवस आणि केवळ प्रकाशोपचार मिळालेल्यांचे ३७४ दिवस आढळले. मात्र ती जुन्या नोंदी तपासून केलेली पाहणी होती. प्रकृतीने जे मुळातच सशक्त असतात त्यांनाच दोन्ही उपचार सोसतात, ही शंका अशा पाहणीत राहतेच.

तेव्हा लेझरचे यंत्र घ्यावे की नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न राहिला नाही. आपल्या रुग्णाची केमो अखंड चालू ठेवण्याची ताकद आपल्यात आहे का, हा प्रश्न उरला. आणि त्याचे उत्तर माझ्याच नोंदवह्यांत होते.

१८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी येथे रुग्णालय उभारले तेव्हापासून मिरजेकडे दूरदूरचा रुग्ण येत आला आहे. आपल्याकडेही जत, कवठेमहांकाळ, सांगोला, पलीकडून अथणी, चिकोडी, निपाणी असा भाग येतो. पहिल्या सायकलला रुग्णाबरोबर चार माणसे असतात. दुसऱ्या सायकलला एक असते. तिसऱ्या सायकलच्या तारखेला कित्येकदा खाट रिकामी राहते. आमच्या समाजसेविका भगिनी दूरध्वनी करतात तेव्हा कळते की, औषध मोफत मिळाले असते, पण एस. टी. चे भाडे, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोजगार आणि मिरजेत राहण्याचा खर्च यांची तोंडमिळवणी झाली नाही. कलम ४१ कक अन्वये आपण दहा टक्के खाटा निर्धनांसाठी व दहा टक्के दुर्बलांसाठी राखतो आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकतो. तो निधी देयकासाठी आहे. एस. टी. च्या तिकिटासाठी तो नाही.

अशा माणसाला प्रकाशोपचार द्यावयाचा म्हणजे काय, याचा विचार करा. फोटोफ्रिन घेतल्यावर किमान तीस दिवस उन्हात जाता येत नाही. दुकानात मिळणारे उन्हाचे मलमही उपयोगी पडत नाही, कारण त्रास साध्या दिसणाऱ्या उजेडानेच होतो. गंमत अशी की, पूर्ण अंधारात बसणेही चालत नाही. घरातील मंद उजेड हवा असतो, त्याने कातडीतील औषध हळूहळू निकामी होते. ज्याचे घर पत्र्याचे, दार उघडले की थेट अंगण, आणि ज्याचे पोट द्राक्षबागेतल्या रोजगारावर, त्याने महिनाभर कोठे बसावे?

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पूर्वी मी ज्या संस्थेत नोकरीस होतो तेथे माझ्याच शिफारशीवरून एक महागडे यंत्र घेतले गेले. उद्घाटन झाले, छायाचित्रे निघाली. वर्षभरात ते चालविणारे तज्ज्ञ सोडून गेले, देखभालीचा करार परवडेना, आणि पुढे कित्येक वर्षे ते यंत्र निळ्या कापडाखाली उभे होते. दरवर्षी घसारा लिहिताना माझा हात अडखळत असे.

याच सुमारास जतकडचे एक शेतकरी तोंडाच्या कर्करोगासाठी दाखल होते. तंबाखू लहानपणापासूनची. आपल्या भागात तंबाखूचे आणि मिश्रीचे काय ते मी येथे सांगत बसत नाही. २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी पुड्या कोठे मिळतात हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्यांना कोणीतरी लेझरची वार्ता सांगितली होती. मी वॉर्डात गेलो असता ते म्हणाले, "सायेब, त्या लाईटीच्या औषधानं जबडा न काढता जमंल का?" मी डॉक्टरांना विचारले. गाठ हाडापर्यंत गेली होती. प्रकाश तेथवर पोहोचणार नव्हता. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, नंतर रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन दिले गेले. डॉक्टरांनी मला हेही सांगितले की, हीच गाठ गालाच्या आतल्या बाजूस वाटाण्याएवढी असताना हे गृहस्थ आले असते तर पर्याय वेगळे असते.

आणि अशा लवकरच्या गाठींसाठी प्रकाशाचे काम आपल्याच देशात झाले आहे, ही समाधानाची बाब आहे. अलिगढच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात अमेरिकेतील तय्यबा हसन व जोनाथन सेली यांच्या गटांच्या सहकार्याने तोंडाच्या प्रारंभिक कर्करोगावर बॅटरीवर चालणाऱ्या, स्वस्त एलईडी उपकरणाने उपचार करून पाहण्यात आले. रुग्ण तिसाच्या आत-बाहेर होते, आणि बहुसंख्यांत गाठ नाहीशी झाल्याचे आढळले. तेथे वापरलेले एएलए हे औषध शरीरातून लवकर निघून जाते, महिनाभर अंधारात बसावे लागत नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही हरितद्रव्यापासून केलेल्या क्लोरिन-पी६ या द्रव्यावर प्राण्यांत संशोधन झाले आहे. वीजपुरवठ्याची खात्री नसलेल्या गावात चालेल असे उपकरण कोणीतरी आपल्याला डोळ्यांसमोर ठेवून बनविले, याचे मला लेझरपेक्षा अधिक कौतुक वाटते.

देणगीदारांनी मला मध्येच विचारले होते, "मग हळद का नाही? तीही रंगद्रव्यच." प्रश्न हसण्यासारखा नाही. हळदीने पिवळा झालेला कपडा उन्हात वाळत घातला की डाग फिका पडतो, हे घरातील प्रत्येक स्त्री जाणते. हळदीतील कर्क्युमिन प्रकाश शोषते आणि त्यावर प्रयोगशाळेत खरोखरच काम चालू आहे. पण ते निळा प्रकाश शोषते, आणि निळा प्रकाश तांबड्याहूनही उथळ जातो. शिवाय कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसे उतरत नाही. गाठीवर हळदीचा लेप लावून, उन्हात बसून, सहा महिने घालवून आलेले रुग्ण आमच्या डॉक्टरांनी पाहिले आहेत. म्हणून हे मुद्दाम बोललो.

या साऱ्याअंती मी विश्वस्त मंडळास लेखी शिफारस केली की, यंत्र स्वीकारू नये. देणगीदारांना विनंती करावी की, तीच रक्कम केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांच्या प्रवासासाठी, सोबत्याच्या निवासासाठी व चुकलेल्या तारखांच्या पाठपुराव्यासाठी द्यावी. मंडळातही मतभेद झाले. यंत्रामुळे संस्थेचे नाव होते, हे म्हणणे चुकीचे नव्हते. देणगीदार तर दुखावले गेले. ते मला म्हणाले, "यंत्रावर वडिलांचे नाव लिहिता येते. केमोच्या बाटलीवर कोणाचे नाव लिहिणार?" मजजवळ याचे उत्तर नव्हते. मी त्यांना टाटा मेमोरियल रुग्णालयाची २०२० सालची एक चाचणी मात्र दाखविली. तोंड व घशाच्या बळावलेल्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांपैकी काहींना मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या घरी घ्यावयास दिल्या, काहींना शिरेतून सिस्प्लॅटिन दिले. गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ७.५ महिने, सिस्प्लॅटिनवाल्यांचे ६.१ महिने भरले. वाढ थोडी आहे, पण ती घरी राहून, कमी खर्चात मिळालेली आहे.

महिन्याभराने ते परत आले. रक्कम त्यांनी आम्ही सुचविल्याप्रमाणे दिली, मात्र दोन अटी घातल्या. पहिली अशी की, रुग्णांच्या सोबत्यांसाठी ज्या खोल्या होतील त्यांपैकी एकीच्या दारावर वडिलांचे नाव असावे. ती पूर्ण झाली आहे. सभेनंतर आपण ती खोली पाहू शकाल. दुसरी अट अशी की, प्रकाशोपचार व केमोथेरपी यांच्या सांगडीची सद्यस्थिती दरवर्षी या सभेपुढे ठेवावी, आणि ज्या वर्षी डॉक्टर मंडळी हा उपचार आपल्या रुग्णास उपयुक्त म्हणतील त्या वर्षी प्रथम त्यांना कळवावे.

या वर्षी आमच्या डॉक्टरांचे मत असे आहे की, पित्तनलिकेच्या कर्करोगात पुरावा अद्याप अपुरा व परस्परविरोधी आहे. तोंडाच्या प्रारंभिक कर्करोगात एलईडीचे काम आश्वासक आहे, पण शस्त्रक्रियेशी तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीशिवाय ते नित्याच्या उपचारात आणू नये. अशी चाचणी कोणत्याही संस्थेने हाती घेतली तर आपल्या रुग्णालयाने त्यात सहभागी व्हावे, असा ठराव विश्वस्त मंडळापुढे मांडला जाईल.

जतच्या त्या गृहस्थांची तपासणी पुढील महिन्यात आहे. एस. टी. च्या भाड्याची व्यवस्था या नव्या निधीतून झाली आहे.

अध्यक्षमहोदयांच्या परवानगीने मी येथे थांबतो.